फ्यूज कोणाच्या खिशात

उत्तर सीमेवरच्या एका पोस्टवर मी सिग्नल डिटॅचमेंटचा हवालदार होतो. ताब्यात जनरेटर, बॅटऱ्या आणि एक वही. वहीत वादळाची यादी होती. बॅटऱ्या फुल चार्ज. डिझेल आत. टॉर्च उशाशी. पिण्याचं पाणी भरलेलं. शेवटची ओळ लाल शाईत: लाईनवर जो जाईल, फ्यूज त्याच्याच खिशात.

नाईक सिकंदर मुलाणी माझ्याच गावचा, उजनीच्या काठचा. एकदा बर्फाच्या वादळात तो मास्टवर, म्हणजे अँटेनाच्या खांबावर, केबल जोडायला चढला. १६३० वाजता एका नव्या ऑपरेटरनं न विचारता जनरेटर चालू केला. मी वायरलेस सेट उचलला.

"मास्ट, रिपोर्ट. ओव्हर."

"फ्यूज माझ्या खिशात हाय. त्याला म्हणावं, चहा टाक. ओव्हर."

आम्ही एकाच वर्षी पेन्शनवर आलो. गावात वळवाचं वादळ दिसलं की मी घरोघर यादी सांगत फिरायचो. मोबाईल चार्ज करा, टाकी भरा, तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका. लोक म्हणायचे, "आली हवालदाराची परेड."

आमच्याकडे धरणातल्या मोटारींच्या स्टार्टरला ऑटो लावलेलं असतं. लाईटच्या वेळेचा भरवसा नाही. आली की मोटार आपोआप सुरू, काठावर कोणी असो वा नसो.

गेल्या मे महिन्यात दुपारी चारला वादळ झालं. फांद्या तारांवर पडल्या, लाईट गेली. सिकंदरच्या मोटारीचा पाइप आणि केबल लाटांनी ओढून नेली. त्याची केळी घडावर आलेली, दोन दिवसही पाण्याविना काढणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ०८३० वाजता आम्ही दोघं स्टार्टरच्या पेटीपाशी होतो. मी तिन्ही फ्यूज काढून त्याच्यापुढे धरले.

"धर."

तो पाण्यात उतरायच्या तयारीत, अंगावर फक्त चड्डी.

"चड्डीला खिसा कुटं हाय, हवालदार? तुमीच ठेवा की. आन् लाईट तरी कुटं हाय?"

"मी ट्रॅक्टरवरचा दोर आणतो. तोवर उतरू नको."

"व्हय व्हय. पाइपच हाय, पाकिस्तान न्हाय."

पेटीत पावसाचं पाणी गेलेलं, फ्यूज ओले होते. माझ्या शर्टाला एकच खिसा, त्यात वही. वही भिजेल म्हणून मी फ्यूज पेटीवर ठेवले आणि दोर आणायला गेलो. सिकंदर थांबला नाही.

मे महिन्यात पाणी खूप खाली जातं. पेटीपासून पाण्यातला माणूस दिसत नाही. सिकंदरचा धाकटा भाऊ रशीद दुसऱ्या बांधावरून आला. फ्यूज बाहेर पडलेले पाहून त्यानं ते पुसले आणि बसवले. भावाचं एक काम वाचलं, असं त्याला वाटलं. तो परत गेला.

०८५२ वाजता लाईट आली. स्टार्टरचा खटका मी ट्रॅक्टरपाशी ऐकला.

मी पळालो. पाण्यात उडी मारली नाही. आधी फ्यूज काढले, मगच उतरलो. केबलची साल हातभर सोलली होती. तिथंच गुडघाभर पाण्यात तो पालथा होता. चिखलात छाती दाबत राहिलो. नंतर जीपमध्ये दाबत राहिलो. टेंभुर्णीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली, मग घड्याळ.

पंचनाम्यात पोलिसांनी विचारलं, "फ्यूज कोणी बसवले?"

"म्या," रशीद म्हणाला.

त्याआधी ते कुठं होते, हे कोणी विचारलं नाही. मी शेजारी सावधानमध्ये उभा होतो.

सिकंदरच्या बायकोनं रशीदला उंबरा बंद केला. "भावाला खाल्लास," म्हणाली. ईदला तो वेशीवरच्या टपरीवर बसून होता. मला तिच्या घरून शिरखुर्मा आला. मी तो खाल्ला.

म्हणून हे लिहिलं. छापून आलं की पहिली प्रत त्या घरी नेऊन देणार आहे.

यादीत एक ओळ वाढवली आहे: खिसा नसेल तर उतरायचं नाही. खाली नाव आहे, नाईक सिकंदर मुलाणी. त्या सकाळचं पानही वहीत आहे. कोरडं आहे. एका अक्षराची शाई फुटलेली नाही.