नालबंदाच्या नातीचे घोडे

ताईला मी चौदा वर्षं ओळखते, आणि त्यातल्या तेरा वर्षांत तिला चिडलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं. आमचं काम दातांच्या कवळ्या बनवण्याचं. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन लॅबमध्ये पाठवतात आणि आम्ही दोघी शेजारशेजारच्या टेबलांवर बसून मेणात एकेक दात बसवतो. पुढचे दात ताईकडे, मागचे माझ्याकडे. माणूस हसला की पुढचेच दिसतात. तिथे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर त्याच्या तोंडावर दुसऱ्याचं हसू येतं. लॅबमध्ये सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्याहून मोठे असलेले मालकसुद्धा.

तिचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, नालबंद होते. घोड्यांना नाल ठोकायचे. सुट्टीत ती त्यांच्याकडे राहायची. घोड्याचा पाय आजोबांच्या मांडीवर, आणि लगाम या आठ वर्षांच्या पोरीच्या हातात. आजोबा मोजकंच बोलायचे, पण बोलले ते तिच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. पायाला पांढऱ्या केसांचा मोजा असेल तर खूर फिका असतो. तांबूस घोड्याचे पाय गुडघ्याखाली काळे होत जातात, पण एकदम नाही, धूर चढल्यासारखे. थकलेला घोडा एक मागचा पाय सैल सोडून उभा राहतो.

हे सगळं एक दिवस प्लास्टिकच्या, बोटाएवढ्या घोड्यांवर उतरेल असं कोणाला वाटलं असतं?

तिच्या नवऱ्याला मी भाऊजी म्हणते. विमा कंपनीत कारकून. माणूस वाईट नाही. चांगलाच आहे, म्हणून तर जास्त चीड येते. त्यांना जुन्या लढायांचा नाद. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक क्लब आहे, तिथे रविवारी सकाळी पंधरा-वीस पुरुष जमतात. टेबलावर हिरवं कापड, त्यावर थर्माकोलच्या टेकड्या, आणि मधोमध मध्ययुगातल्या दोन फौजा समोरासमोर. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं, चिलखती घोडदळ शत्रूच्या बगलेवर घालायचं. क्लबचा नियम एकच कडक: रंगवलेला नसेल तो स्वार टेबलावर येणार नाही.

सहा वर्षांपूर्वी भाऊजींनी पहिला खोका आणला. बारा स्वार, सुटे सुटे, करड्या प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले. घोडासुद्धा दोन अर्ध्या भागांत. भाऊजींनी पहिल्याच दिवशी एक घोडा उलटा चिकटवला, दुसरा टेबलक्लॉथला चिकटवला आणि तिसरा स्वतःच्या अंगठ्याला. ताईने तो अंगठा कोमट पाण्यात सोडवला आणि म्हणाली, "द्या इकडे."

तेव्हापासून घोडे तिचे झाले. चौकटीतून भाग कापायचे, साच्याची रेघ घासून काढायची, दोन अर्धे भाग जोडायचे. पाठीवर जी फट राहायची ती ती कवळीच्या गुलाबी मसाल्याने भरायची, त्यामुळे रंगाआधी सगळे घोडे हिरड्या फुटल्यासारखे दिसायचे. प्लास्टिकचे भाले मोडतात म्हणून तिने दातांच्या तारेचे भाले केले. एका खोक्यातल्या घोड्याचे पाय तिला पटेनात. "असा धावला तर तोंडावर पडेल," म्हणाली, आणि चारही पाय कापून तारेवर पुन्हा बसवले. मग काळ्या रंगाचा एक हात, मग मूळ रंग, मग पातळ गडद रंग झुलीच्या चुण्यांत सोडायचा, वर कोरड्या कुंचल्याने उजेड. डोळा सगळ्यात शेवटी. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की ती भिंग लावून एखादा डोळा रंगवायची, आणि तेवढा वेळ मी टेबलाला धक्का लागू द्यायची नाही.

सहा वर्षांत एकशे अठ्ठेचाळीस घोडेस्वार झाले.

भाऊजी सुरुवातीला पाहुण्यांना सांगायचे, "ही रंगवते." दोनेक वर्षांनी ते "आम्ही रंगवतो" झालं. ताईला तेही गोड वाटलं. संसारात असंच बोलतात. "आम्ही"चं "मी" कधी झालं ते तिला कळलंच नाही, कारण ते घरात झालं नव्हतं. क्लबात झालं होतं.

कळलं ते क्लबच्या मासिकातून. भाऊजींना उत्तम सेनेचं बक्षीस मिळालं होतं. त्यांनी ती ढाल आणून कपाटावर ठेवली तेव्हा ताईने कौतुकही केलं. महिन्याने टपालाने मासिक आलं आणि ते नेमकं ताईच्याच हातात पडलं. चार पानी मुलाखत. भाऊजींचा फोटो, हातात कुंचला. कुंचला धरला होता झाडू धरल्यासारखा.

ती उभ्याउभ्याच वाचत गेली. मी रंग असा पातळ करतो. मी डोळा रंगवताना श्वास रोखतो. इथपर्यंत ती गप्प होती. तिसऱ्या पानावर प्रश्न होता: घोड्यांची इतकी बारीक जाण कुठून आली? आणि उत्तर होतं: माझे आजोबा नालबंद होते. लहानपणी मी लगाम धरून उभा राहायचो.

दुसऱ्या दिवशी तिने ते पान माझ्यासमोर टाकलं. त्या दिवशी ती एकही दात बसवू शकली नाही.

"सगळं सोडलं असतं गं," ती म्हणाली. "घोडे घेतले, रंग घेतला, बक्षीस घेतलं. ठीक आहे, घरातच आहे. पण माझा आजोबा उचलून नेला. मेलेला माणूस. त्याला विचारायचीही सोय नाही."

घरी काय झालं तेही तिनेच सांगितलं. आदल्या संध्याकाळी भाऊजी आले, तिच्या हातात मासिक बघितलं आणि हसले. "अगं, ते बोलण्याच्या ओघात गेलं. क्लबात बायकोने रंगवले म्हटलं तर चेष्टा करतात."

"म्हणून आजोबा बदललास?"

बावीस वर्षांच्या संसारात ती त्यांना पहिल्यांदा अरे-तुरे बोलली. भाऊजी चपापले. सासूबाई कोपऱ्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "असू दे गं. नवरा-बायकोत काय तुझं-माझं? नाव त्याचं झालं म्हणजे तुझंच झालं."

ताईने मासिक त्यांच्या मांडीवर ठेवलं. "आई, तिसरं पान वाचा."

सासूबाईंनी चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं. मग मान वर करून मुलाला म्हणाल्या, "हे कोण? तुझे आजोबा तर वसुली खात्यात होते. आयुष्यात घोड्याजवळ गेले नाहीत. दारात कुत्रं आलं तरी मला हाक मारायचे." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांची काय लाज वाटली म्हणून बदललेस?"

भाऊजी चहा न घेताच बाहेर निघून गेले.

मला वाटलं, आता चार दिवस धुसफुस होईल आणि विझेल. पण रविवारी सकाळी ताईचा फोन आला. "माझ्याबरोबर क्लबात येतेस? एकटी गेले तर माझ्या हातून काहीतरी फुटेल."

आम्ही छापखान्याचा जिना चढून वर गेलो. शाईचा वास वरपर्यंत येत होता. टेबलावर लढाई लागली होती आणि ताईचे घोडे डाव्या बगलेवर रांगेत उभे होते. मी ते एकेकटे पाहिले होते; सगळे एकत्र पहिल्यांदाच पाहिले. पहिल्या रांगेतला प्रत्येक घोडा वेगळा होता. एक लगामाला हिसडा देत होता, एकाने कान मागे पाडले होते. मग मलाही संताप आला.

आम्हाला पाहताच भाऊजींच्या हातातले फासे हातातच राहिले.

क्लबचे सेक्रेटरी म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मासिकही तेच काढतात. ते लगबगीने पुढे आले. "या वहिनी, बसा. चहा सांगू?"

"चहा नको," ताई म्हणाली. तिने मासिक टेबलावर ठेवलं, टेकडीच्या बाजूला. "यातले नालबंद माझे आजोबा आहेत. आणि हे घोडे मी रंगवलेत. सगळे."

मला वाटलं आता कोणी दचकेल, कोणी भाऊजींकडे वळून बघेल. पण कोणी बघितलंच नाही. कोणी टेप गुंडाळत होतं, कोणी चष्मा पुसत होतं.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, खरं सांगू का, आम्हाला अंदाज होताच. त्यांचा हात आम्ही पाहिलाय. त्यांना साधी ढाल चिकटवता येत नाही."

"अंदाज होता?"

"म्हणजे, ठाऊकच होतं म्हणा. पण तुमचा घरचा मामला. आपण मध्ये कशाला पडायचं?"

ताईचा चेहरा तेव्हा पांढरा पडला. नवऱ्याने खोटं बोलणं एक. पण इथे वीस शहाणी माणसं सगळं जाणून सहा वर्षं टाळ्या वाजवत होती.

"घरचा मामला होता तर छापलात कशाला?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण खालच्या छापखान्यातलं यंत्रसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. "ठाऊक होतं, तरी त्याला विचारलंत जाण कुठून आली. तो खोटं बोलणार हे माहीत असून विचारलंत, आणि चार पानं छापलीत. तुम्ही मास्तर ना? वर्गात एकाची वही दुसऱ्याने आपली म्हणून दाखवली तर काय करायचात?"

मास्तरांनी मासिक उचलून उलटं ठेवलं.

भाऊजी पहिल्यांदाच बोलले. "अगं, घरी जाऊन बोलू ना."

"घरी बोलले. आता इथे बोलतेय. खोटं इथे सांगितलंय."

मग तिने पिशवीतून लॅबचे खोके काढले. आम्ही दातांचे साचे ज्यात ठेवतो ते, आत कप्प्यांचे. लढाई मांडलेली होती तशीच, तिने एकेक घोडा उचलून कप्प्यात ठेवायला सुरुवात केली. मीही हात लावला. समोरचा खेळाडू, जाडसर, गोल चेहऱ्याचा, पुटपुटला, "पण माझी चाल चालू होती." ताईने त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि तो स्वतःहून दोन घोडे उचलून द्यायला लागला. आम्हाला पाऊण तास लागला. भाऊजींचं पायदळ तेवढं हिरव्या कापडावर उरलं, बगल उघडी टाकून.

पुढच्या अंकात दुरुस्ती यायची ठरली. मास्तरांनी मजकूर आधी दाखवायला लॅबमध्ये आणला. लिहिलं होतं, "सदर सेना पत्नीच्या सहकार्याने रंगवली आहे." ताईने लाल पेन घेतलं आणि "सहकार्याने" वर काट मारली.

"सहकार्य कसलं? यांनी पाणी बदललं कधीकधी, तेवढंच सहकार्य."

"मग काय लिहू?"

"मी रंगवली, असं लिहा. आणि त्याच्याआधी आजोबांचं लिहा. ते कोणाचे होते ते पहिल्या ओळीत यायला हवं."

दुरुस्ती आली ती शेवटच्या पानावर, सभासदांच्या वाढदिवसांच्या यादीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. ताईने ती वाचली, कापली, आणि परत मास्तरांच्या पत्त्यावर पाठवून दिली. सोबत एकच ओळ: मुलाखत चार पानी होती.

घोडे आता आमच्या लॅबच्या काचेच्या कपाटात आहेत, प्लास्टरच्या जबड्यांच्या वरच्या खणात. मालकांनी कपाट आपणहून रिकामं करून दिलं. डॉक्टर लोक काम सांगायला येतात आणि तिथेच रेंगाळतात.

भाऊजींनी माफी मागितली. एकदा नाही, बऱ्याचदा. ती त्यांना पुन्हा तुम्ही म्हणते, जेवायला वाढते, त्यांना ताप आला तर तो उतरेपर्यंत उशाशी बसते. पण त्यांनी आणलेला नवा खोका चार महिने तसाच होता. एका दुपारी तिने तो लॅबमध्ये आणून उघडला, कारण, ती म्हणाली, "घोड्यांची काय चूक?" त्यातला एक घोडा मागचा पाय सैल सोडून उभा होता. तो तिने आधी घेतला.

गेल्या महिन्यात मास्तर परत आले. क्लबात सहा-सात नवे सभासद झालेत, त्यांना रंगकाम शिकवायचंय, ताईंनी चार रविवार यावं, सन्मानाने बोलावतोय, असं ते उभ्यानेच बोलले.

ताई मेणात दात बसवत होती. तिने दात नीट बसू दिला, मग मान वर केली.

"त्या नव्यांना सांगितलंत का, सहा वर्षं काय चाललं होतं ते?"

"आता जुनं कशाला उकरायचं, वहिनी?"

"मग मी येणार नाही," ती म्हणाली. "आणि मला वहिनी म्हणू नका. तुम्ही यांच्या ओळखीने मला ओळखता, तेच मला नकोय."

मास्तर थोडा वेळ कपाटासमोर उभे राहिले आणि गेले. ताईने पुढचा दात उचलला. तिचे कान अजून लाल होते. मी विचारलं, "त्यांना एवढं तोडून बोलायला हवं होतं का?"

"हो," ती म्हणाली, आणि भिंग खाली ओढलं.