दगा सायकलवर सुटला त्याची गोष्ट

लोटूचं कौतुक दगाला खपत नसे. कुणी लोटूचं नाव काढलंच, तर एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून तो दुसरा विषय काढी. खरं तर दोघे जोडीदार. साक्रीकडून पोट भरायला सुरतेला आलेले आणि उधन्याच्या एका कापडखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, त्याच चार लूमवर राबणारे. दिवसपाळी दगाची, रातपाळी लोटूची. खात्याचा नियम एकच होता. जोडीदार येऊन लूम ताब्यात घेईपर्यंत जागा सोडायची नाही. सात वर्षांत दगाने हा नियम मोडला नव्हता आणि याचा त्याला भारी अभिमान होता. अभिमान बाळगायला दुसरं काही नव्हतंही.

एकोणसत्तरच्या माघात एका संध्याकाळी लोटू कामावर निघाला, फाटकाशी आला आणि आत वळलाच नाही. सायकल सरळ दामटली. चलथाणला ऊसतोड्यांनी भाकरी दिली ती खाल्ली, पुढे बारडोली, व्यारा, सोनगड करत थेट कोंडाईबारीच्या घाटापर्यंत पोचला. अंगावरचा सदरा आणि पायातली चप्पल, बाकी काही नाही. इकडे दगाने त्याचीही पाळी ओढली. सकाळी बदलीचा माणूस आला तेव्हा दगाचे पाय सुजून खांब झाले होते.

सहाव्या दिवशी लोटू परतला. लूमवर तुटलेली सुताची तार त्याच्याइतक्या झटकन जोडणारा दुसरा नव्हता, म्हणून शेठ दोन शिव्या देऊन गप्प बसला. आणि मग सुरू झालं घाटपुराण! खात्यातली माणसं आ वासून ऐकत. दगाची बायको प्रमिलाबाई, जिने नवऱ्याला कधी ‘दिवस कसा गेला’ एवढंही विचारलं नाही, ती लोटूला चहा देऊन विचारी, घाटात वाघ दिसला का? इथे मात्र दगाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर लोटू पडला सडाफटिंग. आईबाप लहानपणीच गेलेले, कुठे होतास म्हणून विचारणारं कोणी नाही. दगाला त्याचं तेही सुखच वाटे.

शेवटी दगाने ठरवलं की आपणही असंच, काही न ठरवता जायचं. हे ठरवायला त्याला दोन महिने लागले. लोटू घाटापर्यंत गेला, तर आपण घाट ओलांडून थेट गावी जायचं. एका सकाळी तो खात्याच्या फाटकाशी आला, रातपाळी संपवून बाहेर डोकावणाऱ्या लोटूच्या हातात स्वतःचा जेवणाचा डबा दिला, घरी निरोप दे म्हणाला, आणि त्याला लूमवर अडकवून निघून गेला. न सांगता जाणं काही त्याला जमलं नाही, पण त्याने स्वतःची समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गावात शिरला. त्याची आई अंजनाबाई ओट्यावर बाजरी पाखडत होती. तिने वर पाहिलं. लेक घामाने थबथबलेला, धुळीने माखलेला आणि हात रिकामे.

सुरतेचा माणूस गावी यायचा तो गाठोड्यांनिशी. आईला लुगडं, पोरांना नानखटाई, भावाला सदऱ्याचं कापड. रिकाम्या हाताने तो एकाच वेळी येतो, घरात कोणी गेलं की. मरणाची बातमी घेऊन निघणारा बाजारहाट करत बसत नाही. दगा हेच विसरला होता. अंजनाबाईच्या हातून सूप गळालं आणि सुनेचं नाव घेऊन तिने हंबरडा फोडला.

“कोनी मरेल नही, माय! मी असाच उनू,” सहज आलोय म्हणून दगा सांगू लागला. पण अशी बातमी आणणारा आधी नाहीच म्हणतो, हे सगळ्या गावाला ठाऊक. तो जितकं नाही म्हणे, तितक्या बाया जास्त रडत. सुतक लागलं म्हणून चुलीवरचं कालवण कुणी विस्तवात उपडं केलं. असाच म्हणजे कसा, हे त्या गावात कुणालाच कळेना. अखेर थोरला भाऊ भिकन सायकल एसटीच्या टपावर चढवून त्याच्याबरोबर सुरतेला आला, भावजय जिवंत आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला. भावजय जिवंत होती, आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालला तो भिकन परत जाईपर्यंत थांबला नाही.

खात्यात ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. माणसं पोट धरधरून हसली. दगाने मान खाली घालून सगळं ऐकलं. आता लोटू काय टोमणा मारतो याची तो वाट पाहत होता.

लोटू हसला नव्हता. पाळी बदलून गेल्यावरही तो लूमपाशी घुटमळत राहिला. निरोप मिळूनही दगाची बायको तीन दिवस दारात बसून होती, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, हे त्याने सांगितलं. मग हळूच म्हणाला, “किती रडनी रे तुन्ही माय?”

दगाने त्याच्याकडे पाहिलं. लोटू सहा दिवस भटकून आला होता, आणि कोण गेलं, काय झालं, असं त्याला वाटेत कुणी विचारलं नव्हतं. परत आल्यावरही विचारलं ते वाघाबद्दल. लोटूने आपला हेवा करावा म्हणून दगा दोन महिने तडफडला होता. आता तो हेवा समोर उभा होता, डोळ्यांत पाणी घेऊन, आणि दगाला तो नकोसा झाला. माय दिवेलागणीपर्यंत रडली, आपल्याला कुरवाळत, मारत, पुन्हा कुरवाळत रडली, हे त्याच्या ओठांवर आलं होतं.

“थोडीच रडनी,” तो म्हणाला, आणि लूम चालू केला.