झोपून पारखलेला पंखा

आमच्या अमरावतीच्या घरात छताला भार पेलील अशी एकच कडी होती, आणि ती पाळण्याची होती. बैठकीवर नुसती टिनं, स्वयंपाकघरावर कवेलू. मधल्या खोलीला मात्र सागवानी तुळई, आणि तिच्यात लोहाराकडून घडवून ठोकलेली ही कडी. घरातली सगळी मुलं तिच्याखाली झोके घेत वाढली होती, माझ्या नवऱ्यासकट. माझ्या लग्नाला पाच वर्षं होऊन गेली तरी ती रिकामीच होती.

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, त्यावरून मला कधी एका शब्दानं दुखावलं नाही. दर दिवाळीला त्या स्टुलावर चढायच्या आणि कडीला जवसाचं तेल लावायच्या, गंजू नये म्हणून. बस्स, एवढंच. त्यांनी चार टोमणे मारले असते तर मी आठ परत केले असते. त्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते. पण तेलाला काय उत्तर देणार?

उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही दोघी त्याच खोलीत ओल्या फरशीवर आडव्या व्हायचो. मी टक्क डोळ्यांनी कडीकडे बघत पडायची. उकाड्यानं झोप येत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. ते निम्मं खरं होतं.

सन साठ-एकसष्टच्या सुमाराला आमच्या गल्लीत वीज आली आणि कचेरीतून निवृत्त झालेल्या सासऱ्यांना पंख्याचे वेध लागले. त्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, टेबलफॅन पसंत नव्हता. "थो मान हालवत रायते. याच्याकडे पायते, त्याच्याकडे पायते, आन कामाचा कोनाच्याच नाई. पंखा छताचाच पायजे."

छताचा म्हणजे त्या कडीचाच. आत्याबाईंनी ताक घुसळता घुसळता रवी थांबवली. "त्या कडीले हात लावाचा नाई."

"काहून? पंखा काय कडी खाते?"

"थे पाळण्याची हाये."

यावर सगळ्यांनी सगळीकडे पाहिलं, फक्त माझ्याकडे पाहिलं नाही. मला पंखा हवा होता, अगदी जीव जाईल इतका. पण तो त्या कडीला लागला असता तर या घरानं सुनेची आशा सोडली, हे गल्लीभर झालं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. म्हणून मी घामानं निथळत का होईना, आत्याबाईंच्याच पक्षात होते.

मामाजी मागे हटणारे नव्हते. "आधी पंखा आनू, टांगाचं मंग पाहू," ते म्हणाले. आणि तो अकोल्याहून आणायचा. मामाजी मूळचे अकोल्याचे. "अमरावतीवाल्याले चिखलदरा जवळ हाये. त्याले उन्हातलं काय समजते?" आमच्यापैकी कुणीही चिखलदऱ्याच्या थंड हवेत पाऊल ठेवलेलं नव्हतं, पण हे त्यांना ऐकवणार कोण?

नवऱ्याला रजा नव्हती. तेव्हा आम्ही तिघं पॅसेंजरनं निघालो: मामाजी खरेदीला, आत्याबाई त्यांच्यावर पहारा करायला आणि मी पाण्याची सुरई सांभाळायला. मामाजींच्या काखेत उशी होती. मी बघतच राहिले. "पंखा वारा पाहून नाई घेत," त्यांनी मला गाडीत समजावलं. "झोपून घेते. ज्याच्याखाली डोया लागला, थो आपला."

अकोल्याच्या दुकानात लोखंडी पायपाला ओळीनं चार नवे पंखे टांगलेले होते. दुकानदार आधी हसला. मग त्यानं उशी नीट पाहिली आणि मुकाट्यानं सतरंजी अंथरून दिली. मामाजी पहिल्या पंख्याखाली टोपी काढून आडवे झाले. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जाऊ लागली.

पहिला म्हणे आवाज करतो. दुसऱ्याचा वारा पोटावर येतो, डोक्यावर येत नाही. तिसऱ्याचा वारा गरम आहे.

"बाबूजी, हवा अकोल्याची गरम हाये. पंख्याचा काय कसूर?"

चौथ्याखाली मामाजी बराच वेळ निपचित पडून राहिले. आत्याबाईंनी वाकून विचारलं, "लागली का झोप?"

"लागत होती. तू इचारलं आन मोडली!"

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. आम्ही दोघी गल्ल्याजवळ एका खोक्यावर टेकलो. आमच्या डोक्यावर दुकानाचा स्वतःचा पंखा फिरत होता, काळवंडलेला, पात्यांच्या कडांना मळाची किनार असलेला. पुढचं मला आठवत नाही, कारण मी झोपले.

जाग आली तेव्हा रस्त्यावरचं ऊन कलतीला लागलं होतं. मामाजी उशी मांडीवर घेऊन शहाण्या मुलासारखे बसले होते. दुकानदार गिऱ्हाइकांशी कुजबुजत बोलत होता. आणि माझं डोकं आत्याबाईंच्या खांद्यावर, पदर गळ्यात, तोंड उघडं! ज्या सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, त्यांच्यासमोर मी चारचौघांत घोरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्याबाई अवघडलेला खांदा चोळत उठल्या आणि वर बोट दाखवून म्हणाल्या, "हा द्या."

"माय, थो विकाचा नाई. दुकानातला हाये. हे नवे चार हायेत नं!"

"त्यायच्याखाली हे झोपले नाईत. याच्याखाली थे झोपली. नवा तुमी इथं टांगा."

"पन झोपाचं मले होतं!" मामाजी कळवळून म्हणाले. त्यांच्या कायद्यानं त्यांचाच निकाल लागला होता. दुकानदारानं एकदा उशीकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि जुना पंखा उतरवायला घेतला. नव्याच्या भावात जुना पंखा घेणारं गिऱ्हाईक त्याला पुन्हा मिळालं असेल असं वाटत नाही.

गाडीत पाती गोणपाटात गुंडाळून आम्ही तिघांनी मांडीवर आडवी घेतली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, कडीचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. "कुठं लावाचा?" मामाजींनी पेपरात तोंड घातलं. आदल्या दिवशीचा होता, तरी घातलं. मी चुलीपुढे भाकरीचं पीठ मळता मळता थांबले. आत्याबाईंनी मधल्या खोलीत स्टूल सरकवल्याचा आवाज आला, म्हणून उठून दारात गेले. त्या वर चढून जुन्या लुगड्याच्या फडक्यानं कडीचं तेल पुसत होत्या.

"इथं," त्या वायरमनला म्हणाल्या.

पेपरामागून आवाज आला, "आन पाळणा?"

"येईन तवा दुसरी कडी ठोकू. गावातले लोहार काय मेले? पाच सालं झाले, पोरगी झोपत नाई. मले काय दिसत नाई?"

मी परत चुलीशी गेले आणि मनसोक्त रडले. त्या दिवशी भाकरी खारट झाल्याचं कुणी बोललं नाही.

दुसरी कडी ठोकायची वेळ काही आली नाही. पंखा लागल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, भर दुपारी, शेजारची एक बाई दही मागायला आली. मी पंख्याखाली पडले होते. तिचा आवाज ऐकल्याबरोबर डोळे मिटून घेतले, कारण ती मागायची दही आणि न्यायची बातमी. तिनं वर पाहिलं असावं.

"काहून वं माय, पाळण्याच्या कडीले पंखा लावला?"

"मंग? माई पोरगी झोपते त्याच्याखाली," आत्याबाई म्हणाल्या. "हळू बोल, उठन थे."

मी सोंग घेऊन तशीच पडून राहिले. थोड्या वेळानं खरंच झोप लागली.