ताईने राखून ठेवलेली भिंत

नाशिकच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा सगळ्यात जास्त अंगावर आल्या त्या भिंती. पांढऱ्याफटक, कोऱ्या. नवऱ्याने हौसेने प्लास्टिकच्या फुलांची एक फ्रेम आणली, ती मी दुसऱ्याच दिवशी त्याला परत करायला लावली. पेपरच्या पुरवण्यांत 'घर सजवा पर्यावरणपूरक पद्धतीने' असे लेख तेव्हा धो धो येत होते. त्यांत तागाच्या झालरी नाहीतर वाळक्या फांद्या. मला यातलं काही नको होतं. मला गेरू आणि तांदळाचं पीठ हवं होतं.

आमचं माहेर भिवंडी तालुक्यात, पडघ्याच्या आत, कुणब्यांच्या गावात. घरात लग्न निघालं की कुडाची भिंत, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेली भिंत, शेणाने सारवून, गेरूने लाल करून तिच्यावर पिठाने लग्नाचा पांढरा चौक काढायचे. काढायचे नाही, आमच्याकडे म्हणतात 'लिहायचे'. माझी थोरली बहीण वत्सलाताई इतका सुरेख चौक लिहायची की शेजारच्या गावातून तिला बोलावणं यायचं. मी धाकटी, पिठाची वाटी धरून उभी राहणारी. ताई लग्न होऊन खारबावजवळच्या गावात गेली आणि तिथेही तिने तेच चालू ठेवलं.

म्हणून तिला फोन केला. म्हटलं, ताई, मला शिकव, माझी भिंत रंगवायची आहे.

"ये की मंदे," ताई म्हणाली. "जागृतीचं लगीन वैशाखात धरलंय. नव्या घरात एक भित मी राखून ठेवलीय, तिला टाइल लावू नको म्हनून सांगितलंय यांना. आपून दोघी मिलून सारवू. मंग लगनाच्या टायमाला चौक लिवीन."

भावोजींनी रस्त्याकडेची थोडी जमीन गोदामवाल्यांना दिली होती, त्या पैशांत जुनं कुडाचं घर पाडून दोन मजली बंगला उभा केला होता. जागृती म्हणजे ताईची एकुलती एक लेक. तिच्या लग्नाचा चौक आपल्या हाताने, आपल्या घराच्या भिंतीवर लिहायचा, एवढंच ताईने त्या अख्ख्या बंगल्यात स्वतःसाठी मागितलं होतं.

होळी झाली आणि मी निघाले. नाशिकहून ठाण्याकडे जाणारी सकाळची एसटी पकडावी हे उत्तम. कसारा घाट उन्हाच्या आधी उतरतो आणि शहापूरला गाडी थांबते तिथला वडापाव खाण्यासारखा असतो, चहा मात्र पिऊ नका, नुसती साखर. पडघा मागे पडलं की दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामं सुरू होतात. मी लहान असताना इथे भाताची खाचरं होती, असं शेजारच्या सीटवरच्या मुलीला मी सांगितलं, तर ती म्हणाली, "हो का?" आणि कानात हेडफोन घातले.

मानकोली नाक्याला उतरायचं आणि तिथून अंजूरफाट्याची शेअर रिक्षा. माझ्या रिक्षावाल्याला भिवंडी शहरातल्या कामतघरला कुणाला तरी सोडायचं होतं, त्यामुळे मला फुकटात तिथलं दर्शन घडलं. दोन्ही बाजूंना यंत्रमागांची खटखट इतकी की रिक्षावाला काय विचारतोय ते तिसऱ्यांदा कळलं. दारादारांत धाग्यांच्या रंगीत गुंतवळीचे ढीग पडले होते. मला लगेच वाटलं, याचं विणून भिंतीवर काय सुंदर लावता येईल! रिक्षावाल्याला विचारलं, हे कुठे जातं?

"गाडी पोछने को जाता है, मॅडम," तो म्हणाला. "आपको मंगता है क्या?" मूठभर गुंतवळ मी पिशवीत टाकली. ज्यांना भिंतीवर विणकाम लावायची आवड आहे त्यांनी मोठी पिशवी घेऊन जावं, कुणी नाही म्हणत नाही. अंजूरफाट्यावरून खारबावच्या रस्त्याला दुसरी रिक्षा मिळते, पण ती भरेपर्यंत हलत नाही. शांतपणे कलिंगड खाऊन घ्यावं.

ताईचा बंगला लांबूनच चमकत होता. बाहेरून टाइल्स, ओटीला टाइल्स, जिन्याला टाइल्स. भावोजी दारातच उभे होते, अंगावर नवीन शर्ट.

"ये ये. आधी हॉल बघ, मंग पानी पी," म्हणाले.

हॉलच्या समोरच्या भिंतीवर धबधबा होता. टाइल्स जोडून केलेलं चित्र, जमिनीपासून छतापर्यंत. निळा डोंगर, पांढरं पाणी, खाली दोन राजहंस. टाइलांच्या फटींतलं सिमेंट अजून ओलं होतं. ताई कोपऱ्यात उभी होती, हातात पदराचं टोक. ती दोन दिवस नवऱ्या मुलाच्या घरी बोलणी करायला गेली होती, त्याच सकाळी परतली होती. मला पाहून ती हसली, आणि त्या हसण्यावरूनच मला कळलं.

ही तीच भिंत होती.

"कसा हाय?" भावोजींनी विचारलं. "गुजरातवरून मागवला. पूर्न तालुक्यात कुनाकडे न्हाय. हिनं सांगितलेलं, भित मोकली ठेवा, मी लिवनार. म्हटलं, आता कशाला? जन्मभर शेनात हात घातलेस, बोटांना भेगा पडल्या. आता पोरीच्या लगनात तरी रानीसारकी बस."

"बरा हाय," ताई म्हणाली. "चांगला हाय."

मला वाईट वाटलं, राग आला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणावर रागवावं ते कळेना. त्या माणसाने जीव लावून केलं होतं. रात्री जेवायला तांदळाची भाकरी, सुकट आणि वालाची आमटी होती. सुकट अशी की मी तीनदा मागून घेतली. भावोजी जेवताना तीनदा मान वळवून धबधबा बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते बाहेर गेल्यावर मी ताईला म्हटलं, "सांग ना त्यांना. खालच्या दोन रांगा काढायला लावू."

"येडी काय?" ती म्हणाली. "गवंडी गेल्यावर किती येल हात फिरवत व्हते त्याच्यावर, जागूने सांगितलं मला. आता फोडायला लावू?"

"मग प्लायवूडवर लिही. भिंतीला टेकवून ठेवू."

"फलीवर?" तिने माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं. "चौक घराला लिवायचा असतो, मंदे. फली म्हंजे घर हाय काय?"

तरी दुपारी तिला राहवलं नाही. वाटीत पीठ कालवून तिने राजहंसाच्या शेजारी बोटाने एक रेघ ओढली. रेघ घसरत खाली गेली आणि फरशीवर थेंब जमला. तिने तो पदराने पुसला, आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "चल, तुला शिकवते."

जुन्या घराच्या कुडाचा एक तुकडा मागच्या आवारात सरपणासाठी टेकवून ठेवला होता. त्यावर तिने मला शिकवलं. तुम्हालाही करायचं असेल तर लिहून घ्या: गेरू आदल्या दिवशी भिजवायचा आणि त्यात थोडा डिंक घालायचा. तांदूळ भिजवून वाटायचे, पीठ हातावर ओघळ धरेल इतकं सैल हवं. ब्रश नको, बांबूची काडी दाताने चावून तिचं टोक मऊ करायचं. सिमेंटच्या भिंतीवर ऑइल पेंट असेल तर तो खरवडल्याशिवाय हात लावू नका. ताई झाडं लिहीत गेली, पालख्या, मोर, नाचणाऱ्या बायका. मधली चौकट मात्र तिने रिकामी सोडली. तो चौक. लग्नाशिवाय तो लिहायचा नाही.

"लय झ्याक झालंय गं," मी म्हटलं.

"सरपान हाय ते," ती म्हणाली आणि काडी धुवायला गेली.

परतताना मला खारबाव स्टेशनवरून वसईची गाडी धरून पुढे एका मैत्रिणीकडे जायचं होतं. गाड्या थोड्याच असतात, वेळ आधी विचारून घ्या. भावोजींनी मोटारसायकलवरून सोडलं. फलाटावर गाडीची वाट बघताना त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. मग म्हणाले, "मंदा, तुला बोलली काय ती? तिला पटला ना?"

त्यांना कळलं होतं. निदान शंका तरी आली होती. मी खरं सांगितलं असतं तर कदाचित त्याच संध्याकाळी त्यांनी गवंडी बोलावला असता. पण त्यांचा तो नवा शर्ट, ते उत्तराकडे लागलेले डोळे. मी म्हटलं, "हो, पटला की." त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि माझी पिशवी गाडीत चढवून दिली. या प्रवासातलं एक वाक्य मागे घ्यायला मिळालं तर मी हे घेईन.

घरी येऊन मी हॉलची एक भिंत खरवडली, शेणामातीचा पातळ थर दिला, गेरू लावला, झाडं-मोर लिहिले आणि मधली चौकट रिकामी सोडली. आठवडाभर घराला शेणाचा वास येत होता आणि नवरा खिडकीत बसून चहा पीत होता. पण भिंत झाली. सोसायटीतल्या बायका बघायला आल्या. 'किती इको-फ्रेंडली!' म्हणाल्या. कामतघरची गुंतवळ विणून शेजारच्या भिंतीला लावली, तिचंही कौतुक झालं. मला मात्र तिथे बसलं की आपण कुणाच्या तरी ताटातलं जेवतोय असं वाटायचं. ज्या बाईची कला होती तिच्या घरात इंचभर भिंत उरली नव्हती.

लग्नाच्या आठवड्यात ताईचा फोन आला.

"तुजी भित झाली ना? मंग मधला चौक लिव. मी सांगते तसा. जागूचं नाव घेऊन लिव."

तिने फोनवर सांगितलं, मी लिहिलं. तिच्यासारखा नाही झाला, पण झाला. मग ती म्हणाली, "लगनाच्या दिवशी त्याच्यापुढं दिवा लाव. इजू देऊ नको. दिव्यापाशी नवरीच्या मावशीनं बसायचं असतं, ठावं हाय ना?"

"अगं, पण मग मी लग्नाला..."



"तू येऊ नको," ताई म्हणाली.

नवऱ्यासकट सगळे लग्नाला भिवंडीकडे गेले. मी पैठणी नेसून, नथ घालून, रिकाम्या फ्लॅटमध्ये दिव्यासमोर बसले. मुहूर्ताला ताईने फोन लावून तसाच हातात धरून ठेवला होता. गलबल्यातून मंगलाष्टकं तुटक तुटक ऐकू येत होती. शेवटचं 'सावधान' आलं तशी मी उठून मूठभर अक्षता भिंतीवरच्या चौकावर टाकल्या.

वाजंत्रीच्या आवाजात ताई ओरडून विचारत होती, "मंदे, पडल्या का गं अक्षता?"

"पडल्या, ताई," मी म्हटलं. "पडल्या."