सुकदेव नानांचा जपानी पेन

सुकदेव नाना चोपड्याच्या एका शाळेत तीस वर्षं कारकून होते. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर हात उगारला नाही. अक्षर इतकं देखणं की नापास झालेल्या पोराचा बापसुद्धा दाखल्याला घडी न घालता तो घरी न्यायचा. फक्त आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात गेलेली नानांना बघवायची नाही. त्यांची छत्री कुणी मागितली नाही, सायकल कुणी मागितली नाही, कारण नाही ऐकायची कुणाला हौस असते? पण पेन मागितला जायचाच. पेनाला नाही म्हणता येत नाही.

आणि पेनही साधासुधा नव्हता. एकोणऐंशी साली जहांगीरच्या घड्याळाच्या दुकानात नानांनी तो पाहिला. जहांगीरचा मेहुणा बोटीवर होता. त्यानं कुठल्याशा बंदरातून जुन्या घड्याळांबरोबर हा जपानी पेनही आणला होता. मधासारख्या रंगाचा, आरपार दिसणारा, अंगठ्याएवढा जाड. टोपणाच्या पट्टीवर कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. घरात मंदाबाईंच्या शिलाई मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. त्या पैशांचा पेन आला. मंदाबाई पुढं आयुष्यभर हातानंच टाके घालत राहिल्या आणि नाना आयुष्यभर म्हणत राहिले की मशीन काय, कधीही घेता येईल.

हा पेन भरणं म्हणजे एक सोहळाच होता. मागची फिरकी सैल करून आतला लांब दांडा पार बाहेर ओढायचा, निब दौतीत बुडवायची आणि दांडा एका दमात आत दाबायचा. दाबताना काहीच होत नाही. अगदी शेवटाला, दांडा टेकता टेकता, शाई सुर्रकन वर चढते आणि पेन तुडुंब भरतो. दर शनिवारी शाळा सुटल्यावर नाना ऑफिसच्या टेबलावर हे करायचे. शिपायापासून मास्तरांपर्यंत सगळे बघायला उभे राहायचे आणि नाना जणू कुणी बघतच नाहीये अशा चेहऱ्यानं भरायचे.

पण एक गोष्ट नानांनी कुणाला दाखवली नाही. पेन देताना जहांगीरनं ती सांगितली होती. "सुकदेवभाऊ, लिखने बैठे तो पीछे की फिरकी दो आटे ढीली रखना. टाइट रही तो अंदर का दांडा शाई का रस्ता बंद कर देता है. जेब में रखो तब टाइट, लिखो तब ढीली." म्हणजे फिरकी घट्ट असली तर निबेपाशी उरलेल्या शाईवर दीड-दोन पानं लिहून होतात आणि मग ठणठणाट. पेन भरलेला असूनही कोरडा.

नानांना हे समजलं आणि त्यांच्या स्वभावाला जणू हत्यारच मिळालं. कुणी पेन मागितला की ते हसतमुखानं खिशातून काढायचे, अंगठ्यानं फिरकी घट्ट आहे ना हे चाचपायचे आणि द्यायचे. घेणारा पान-दीड पान लिहायचा, पेन झटकायचा, पुन्हा झटकायचा आणि ओशाळून परत आणून द्यायचा. "नाना, बंद पडला वाटतं." नाना पेन हातात घेऊन त्याच्याकडं दुःखी नजरेनं बघायचे. "तुमचा हात जड आहे. जपानी निब नाजूक असते." मग आपल्या खुर्चीत बसून, टेबलाखाली फिरकी दोन आटे सैल करून, त्याच पेनानं झरझर लिहायला लागायचे. मुख्याध्यापक रतिलाल सर तर पेन परत करताना माफी मागायचे. साठीला टेकलेला, पोरांनी टरकून असावं असा माणूस, आणि बारा वर्षं त्याची समजूत की आपला हातच जड. नानांना याची कधी लाज वाटली नाही. उलट घरी येऊन ते मंदाबाईंना हा किस्सा रंगवून सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

नानांची एकुलती एक मुलगी प्रमिला. बापाचं अक्षर तिनं उचललं होतं. बारावी झाली, डी.एड. करायचं म्हणून हट्ट धरला, तेव्हा नाना म्हणाले, आधी स्थळ बघू, मग सासरचे बघतील. दोन वर्षं पोरगी घरात शेवया वळत बसली. एक्क्याण्णव साली हिलालचं स्थळ आलं. मुलगा दीपनगरच्या वीज केंद्रात ऑपरेटर, कॉलनीत क्वार्टर. बघण्याच्या वेळी बाकीच्यांनी स्वयंपाक येतो का, शिवण येतं का विचारलं. हिलालनं एकच विचारलं, "भुसावळला डी.एड.चं कॉलेज आहे. लग्नानंतर जाणार का?" प्रमिलानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि "हो" म्हणाली. त्या दिवसापासून ती घरात गुणगुणत हिंडायला लागली. मंदाबाईंनी ते ऐकलं आणि देवापुढं नारळ बोलल्या.

पंधरा दिवसांनी याद करायला शिरपूरहून मुलाकडचे आले. याद म्हणजे लग्नाची लेखी बोलणी. मानपान, भांडी, वऱ्हाडी किती, तारीख कुठली, सगळं दोन प्रतींवर उतरवायचं आणि खाली दोन्हीकडच्यांनी सह्या करायच्या. कागद मुलीकडचा, हात मुलाकडचा, अशी रीत. लिहायला बसले हिलालचे मामा गिरधर, निवृत्त तलाठी. शेजारी हिलालची आजी ताईबाई, घरातला शेवटचा शब्द तिचा. नानांकडून रतिलाल सर आणि शाळेतले दोघे-तिघे मास्तर. आत चुलीवर वरण-बट्टी तयार होती.

"नाना, तुमच्या जपानी पेनाचं नाव शिरपूरपर्यंत आलंय," गिरधरमामा म्हणाले. "काढा, आज त्यानंच लिहू."

नानांची छाती फुगली. त्यांनी खिशातून पेन काढला, टोपण उघडलं, आणि देता देता अंगठा आपसूक मागं गेला. फिरकी घट्ट होती. त्यांनी पेन दिला. स्वतःच्या पोरीच्या यादीला दिला, हे त्या अंगठ्याला कुणी सांगायचं?

पहिली प्रत कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहून झाली. तलाठ्याचं वळण, मोठं अक्षर. सगळे कौतुकानं बघत होते. दुसरी प्रत सुरू झाली. वराचं नाव झालं. 'चि. सौ. कां. प्रमि' एवढं उमटलं आणि निब कोरडी पडली.

मामांनी पेन झटकला. पुन्हा टेकवला. कागदावर नुसता ओरखडा उठला.

"शाई संपली असेल," नाना म्हणाले.

मामांनी पेन खिडकीच्या उजेडात धरला. "संपली कुठं? अर्ध्याच्या वर आहे की."

ताईबाई पुढं सरकून कागदाकडं बघायला लागल्या. वाचता येत नव्हतं, पण ओळ कुठं तुटली ते दिसत होतं. "काय नाव लिखी ऱ्हायंतात?" त्यांनी विचारलं. मामांनी सांगितलं. म्हातारीचा चेहरा उतरला. तीन वर्षांमागं थोरल्या नातवाच्या यादीला दौत लवंडली होती, आणि ती नातसून वर्ष भरायच्या आत विहिरीत सापडली होती. म्हातारी तेव्हापासून भ्यालेली होती.

आता नानांनी फक्त तोंड उघडायचं होतं. मामा, ती मागची फिरकी दोन आटे सैल करा. एवढंच. पेन लिहायला लागला असता, म्हातारीसुद्धा हसली असती. पण समोर रतिलाल सर बसले होते. बारा वर्षांच्या माफ्या बसल्या होत्या. फिरकी सैल करा म्हटलं की सरांना त्याच क्षणी सगळं कळलं असतं, आणि सोमवारी शाळेत नानांना कोण नाना म्हणणार होतं? नाना हातातलं टोपण नुसतं पुसत बसले.

बोलले ते रतिलाल सर, आणि तेही भल्या मनानं. "मामा, तुमचा दोष नाही. हा पेन असाच आहे. माझ्याही हातात कायम बंद पडतो. नानांचा हात सोडून तो दुसऱ्याकडं चालतच नाही."

झालं. म्हातारी उठली. "ऱ्हाऊ द्या भाऊ," ती म्हणाली. "पोरनं नाव अर्धं ऱ्हायनं. ह्या घरनी वस्तू दुसराना घर नांदस नई. मना जीव ऱ्हावाव नई." गिरधरमामांनी समजूत घालून पाहिली, दुसरा पेन मागवतो म्हणाले. हिलाल तर उभाच राहिला. पण म्हातारी रडायला लागली आणि रडणाऱ्या म्हातारीपुढं कुणाचं चालत नाही. बट्ट्या तशाच राहिल्या. आठवड्यानं मामांचं कार्ड आलं, योग नाही म्हणून.

याद मोडलेली पोर म्हटल्यावर पुढची स्थळं नाव ऐकूनच परत फिरायला लागली. दोन वर्षांनी प्रमिलाला यावलच्या एका बिजवराला दिली. केळीच्या बागा, घरात पहिल्या बायकोची दोन मुलं, सासूला डोळ्यांनी दिसत नाही. डी.एड.चं कुणी विचारलं नाही आणि तिनंही काढलं नाही. नाना शाळेत पूर्वीसारखेच पेन भरत राहिले, पूर्वीसारखाच तो दुसऱ्यांच्या हातात बंद पडत राहिला. सवय मोडली असती तर कुणाला तरी संशय आला असता ना!

अठ्ठ्याण्णव साली नाना निवृत्त झाले. त्याच्या दुसऱ्या महिन्यात ते यावलच्या बसमध्ये बसले. प्रमिलाला पेन द्यायचा, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते आपणहून काही द्यायला निघाले होते, आणि त्याचं त्यांना इतकं अप्रूप वाटत होतं की वाटेत दोनदा डोळे पुसले.

प्रमिला ओट्यावर मजुरांच्या भाकऱ्या थापत होती. नानांनी पेन तिच्यासमोर धरला. "हा तुला. आणि याची एक खुबी आहे, ती आजवर कुणाला सांगितली नाही. ही मागची फिरकी..."

"दोन आटे सैल करायची," प्रमिला म्हणाली. तव्यावरची भाकरी तिनं उलटली. "मला माहीत आहे, नाना. तुम्ही दुपारी झोपलात की मी तुमच्या खिशातून काढून लिहायची. नऊ वर्षांची होते तेव्हापासून."

नाना ओट्यावर टेकले. "मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी मी दाराआड उभी होते. फिरकी घट्ट आहे हे मला तिथून दिसत होतं. तुम्ही आता बोलाल, आता बोलाल, म्हणून बघत होते."

"तू बोलायचंस ना, पोरी!" नाना जवळजवळ ओरडले. "एक शब्द बोलायचास!"

"मी बोलले असते तर चार माणसांत तुम्ही लबाड ठरला असता," ती म्हणाली. "माझ्याच्यानं ते करवलं नाही."

तिनं पिठाचे हात पदराला पुसले, पेनाला हात न लावता भाकऱ्यांची टोपली उचलली आणि बागेकडं निघाली. नाना पेन धरून ओट्यावर बसून राहिले. आतून सासूनं कोण आलंय म्हणून विचारलं, तेव्हा प्रमिला लांबून म्हणाली, "माझे वडील. निघालेत ते."