रबरी मगर

भानुमतीबाईंनी आयुष्यात एकच सिनेमा केला, आणि तो आठवडाभरात पडला. तेव्हा त्या दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. मराठी मंडळाच्या नाटकांत त्यांचं नाव होतं, म्हणून एका निर्मात्याने ‘जमुना का मगर’मध्ये त्यांना आईचं काम दिलं. मगरीने ओढून नेलेल्या मुलासाठी नदीकाठी टाहो फोडायचा. मागे तरंगणारी मगर रबराची होती आणि तिची शिवण पडद्यावर स्पष्ट दिसत होती. थिएटर खो खो हसलं. ऑफिसात तोंड दाखवायची सोय उरली नाही म्हणून भालचंद्ररावांनी बायकोचं नाटकही बंद केलं. पुढे सुजय झाला, शाळेत जाऊ लागला, तर पोरं त्यालाही ‘मगर का बच्चा’ म्हणून रडवायची. घरात त्या सिनेमाचं नाव निघेनासं झालं.

भालचंद्रराव गेल्यावर काही वर्षांनी दिल्लीच्याच मुनिरका भागातल्या विद्यार्थ्यांनी तो सिनेमा कुठूनसा उकरून काढला. खोल्यांत दाटीवाटीने बसून ते एकेक संवाद सुरात म्हणत, मगर आली की चपला फेकत. बाईंची किंकाळी फोनाफोनांवर फिरू लागली.

सुजय गुडगावला मॉलमधली खेळाची मशीनं बनवणाऱ्या कंपनीत होता. एका रविवारी तो फरीदाबादला आईकडे आला आणि त्याने लॅपटॉप उघडला.

“पिनबॉल आहे, आई. दोन दांड्यांनी लोखंडी गोळी वर मारत राहायची. मगरीच्या जबड्यात गेली की पॉइंट, खाली निसटली की तुझी किंकाळी. परफेक्ट थीम आहे यार!”

“इतक्या सिनेमांत तुला हाच सापडला?”

“चांगला सिनेमा लोक एकदा बघतात. हा पन्नासदा बघतात, वर मित्रांना ओढून आणतात. मशीनलाही तेच लागतं. फक्त जुना साउंड खराब आहे, तू नव्याने रेकॉर्ड कर. जरा ओव्हर कर, लोक हसले पाहिजेत.”

बाईंनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग म्हणाल्या, “तुझ्याआधी मला मुलगी झाली होती. नुकती उभी राहायला लागली होती. तापाने गेली. महिन्याभरात ते शूटिंग होतं. डायरेक्टर म्हणाला, तिला आठवा. मी आठवलं.”

सुजयला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने आईचा हात हातात घेतला. बाईंना वाटलं, बरं झालं सांगितलं.

“आई,” तो हळूच म्हणाला, “हे लाँचच्या वेळी सांगितलं तर? लोक एकदम कनेक्ट होतील.”

बाईंनी हात सोडवून घेतला. रेकॉर्डिंगला नकार दिला. कंपनीने मग एका डबिंगवाल्या मुलीचा आवाज घेतला.

तरी सुजयच्या आग्रहाने त्या उद्घाटनाला गेल्या. मशीनभोवती झुंबड होती. गोळी निसटली की किंकाळी, किंकाळी आली की हशा. सिनेमात बाईंचा आवाज जिथे चिरकला होता, ती जागासुद्धा त्या मुलीने हुबेहूब उचलली होती.

“सर, यही हैं ओरिजिनल!” सुजयने साहेबांना सांगितलं. लगेच फोन वर झाले. “आंटी, एक बार करके दिखाइए ना!”

“वो मैं नहीं थी,” बाई म्हणाल्या आणि मेट्रोकडे चालू लागल्या.

“सगळ्यांसमोर खोटं पाडलंस मला,” सुजय फोनवर म्हणाला. नंतर तो निवळला. मशीन चाललं, त्याला बढती मिळाली. रविवारी तो येतो, जेवतो, ट्रॅफिकला शिव्या देतो. बहिणीचं नाव काय होतं, हे त्याने अजून विचारलेलं नाही.