स्कूटरच्या मागे धावताना

दोन हजार एक साली बोटीवर जाण्याआधीच्या तपासणीत मी नापास झालो. बारा वर्षं इंजिनरूममध्ये फिटर होतो. मुंबईच्या डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, "वजन उतरवा, मग या." बॅग उचलून रत्नागिरीला परतलो.

वजन उतरलं नाही, वाढलंच. भेटेल तो विचारी, "काय, बोटीवर कधी?" म्हणून मी बाहेर पडेनासा झालो. घरात बसून खात राहायचो. भूक नसायची, जेवताना तेवढं बरं वाटायचं आणि हात धुतला की स्वतःचाच राग यायचा. आरशासमोर उभं राहायला नको म्हणून दाढीसुद्धा वाढवली.

बायको शाळेत शिक्षिका. "कमी खा" असं तिने एकदाही म्हटलं नाही. दिवाळीत तिने जुनी स्कूटर घेतली आणि म्हणाली, "अहो, मला तुम्हीच शिकवा. दुसऱ्या कुणासमोर पडायची लाज वाटते."

सकाळी ओहोटी असली की आम्ही भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचो. ओल्या, घट्ट वाळूवर ती स्कूटर चालवायची आणि मागची सीट धरून मी धावायचो. पहिल्या दिवशी पन्नास पावलांत दम संपला. हात सुटला आणि ती थेट लाटेत गेली.

"सोडलात कशाला हो?" भिजलेली साडी सावरत ती ओरडली.

मला हसू फुटलं ते थांबेचना. कितीतरी महिन्यांनी हसत होतो. मग तीही हसायला लागली. घरी येऊन मी ते खारावलेलं इंजिन खोललं, पुसलं, जोडलं. दुपार कशी सरली कळलं नाही.

ती शिकली दोन महिन्यांनी. माझं वजन तोवर उतरलं जेमतेम चार किलो. पण झोप लागायला लागली, लोकांशी बोलावंसं वाटायला लागलं. ओळखीच्या एका मच्छीमाराचं होडीचं मशीन बंद पडलं, तेव्हा मी आपण होऊन बघायला गेलो. ते चालू झालं. आठवड्याभरात आणखी दोघांनी बोलावलं.

"पुन्हा तपासणीला जायचंय का?" तिने विचारलं.

"नको गो. इथंच मशीनं दुरुस्त करीन म्हणतो."

"मग उद्यापासून डबा लागेल. भाकऱ्या किती घालू?"

"तीन," मी बिनदिक्कत सांगितलं.